डोमाजीला वैरी हवा होता

नेरच्या बाजारात डोमाजी शिंप्याला वाईट म्हणणारा एक माणूस दाखवा, म्हणाल ते हरतो. ही त्याची तारीफ नव्हे, आधीच सांगून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणालं, बाह्या लांब झाल्या, तर हा म्हणायचा, हो, झाल्या खऱ्या. बरोबरचा म्हणाला, लांब कुठल्या, आखूडच आहेत, तर म्हणायचा, हो, तेही खरंच. नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, तेव्हा बाजारात त्यावरून दोन तट पडले, हमरीतुमरी झाली. दोन्ही तट पान खायला यायचे डोमाजीच्या मशीनजवळ, आणि दोघांनाही वाटायचं, हा आपल्यातला. आता अशा माणसाला काय म्हणावं? लोक देवमाणूस म्हणत. म्हणोत बापडे.

नानाजींच्या कापडाच्या दुकानाला पुढं रुंद ओटा होता. त्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात वीस वर्षं डोमाजीचं मशीन. नानाजी कापड फाडत, डोमाजी शिवत, दोघांचं बरं चाललं होतं. डोमाजीच्या बापानं बाप्तिस्मा घेतला होता, त्यामुळं डोमाजी जन्माचाच ख्रिस्ती. नाल्यापलीकडं पत्र्याचा छोटा गिरजा होता, अकरा घरांची मंडळी. डोमाजीनं एक रविवार चुकवला नाही. गाणं मात्र तो सगळ्यांच्या मागून म्हणायचा, म्हणजे सगळे थांबले की शेवटचा शब्द एकट्या डोमाजीचा ऐकू यायचा. त्याचंही कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

या मंडळीत एक रीत होती. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना झाली की गिरज्याचे पाळकसाहेब डालडाचा रिकामा डबा पुढं ठेवत. त्यात शास्त्रातल्या वचनांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. एकेकानं यायचं, डोळे मिटून हात घालायचा, आणि जी चिठ्ठी येईल ते त्याचं वर्षाचं वचन. बदलून मिळायचं नाही. देवानं दिलं ते दिलं. डोमाजीच्या बायकोला, हंसाबाईला, पाच वर्षांत तीनदा मेंढपाळाचं वचन आलं होतं, ज्याच्या राखणीत कशाची कमी पडत नाही ते. ती घडी हंसाबाई हातानंच ओळखते, असा बायकांचा संशय होता.

अठ्ठावन्न साली डोमाजीनं डब्यात हात घातला आणि त्याला वचन आलं वैऱ्यावर माया करण्याचं.

चिठ्ठी वाचून तो खूष झाला. माया करणं त्याच्या हातचा मळ. पण पाळकसाहेब होते नगरकडचे, शिस्तीचे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते एकेकाला उभं करून विचारत, आपले वचन कसे चालले आहे? शाळा तपासायला आल्यासारखे. मग माणसानं साक्ष द्यायची. कुणी सांगे, अमक्या दिवशी बैल हरवला, मी विश्वास धरला, बैल कळंबच्या रस्त्यावर सापडला. जानेवारीच्या शेवटी डोमाजीची पाळी आली. तो उभा राहिला आणि खरं ते म्हणाला, की मला वैरीच नाही जी.

मंडळी हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. मनुष्याला वैरी नाही असे होत नाही, ते म्हणाले, नीट शोधा. दुसऱ्या कुणी ते कानाआड केलं असतं. डोमाजीनं हुकूम समजून घरी नेलं. आणि घरी गेल्यावर त्याला खरोखरच वाईट वाटायला लागलं. पन्नाशी आली, आजवर आपण देवाचं एकही काम असं केलं नाही की जे करायला जड गेलं. बाकीचे टोपल्या भरून नेतात, आपली टोपली रिकामी. देवानं एवढं नाव घेऊन वचन दिलं, आणि ते असंच वाया जाणार. त्याला जेवण गोड लागेना. शेवटी त्यानं ठरवलं, वैरी नसेल तर करावा लागेल.

पहिला नंबर शेजाऱ्याचा लागला. दोन दिवस डोमाजीनं त्याच्या सलामाला सलाम केला नाही, मान फिरवून गेला. तिसऱ्या दिवशी शेजारी लसूण घालून कोमट केलेलं तेल घेऊन आला. म्हणे, कानानं कमी ऐकू येते वाटतं, दोन थेंब टाका. डोमाजीनं मुकाट्यानं टाकून घेतले.

मग तो पुंडलिकरावांकडे गेला. पुंडलिकराव म्हणजे चाळीस एकर कापसाचे पऱ्हाटीवाले आणि भांडणाचे शौकीन. शेताच्या धुऱ्यावरून, विहिरीवरून, नुसत्या बघण्यावरून ते भांडत. आवाज असा की ओसरीत खोकले तर बैल उठून उभे राहत. यवतमाळच्या कोर्टात त्यांना बसायला ठरलेला बाक होता. डोमाजी घाम पुसत त्यांच्या ओसरीत गेला आणि डोळे मिटून म्हणाला, की पुंडलिकराव, तुम्ही लय दुष्ट माणूस आहा. एवढंच पाठ करून गेला होता.

पुंडलिकरावांनी त्याला जवळ ओढून बाजेवर बसवलं. सारं गाव हे मागून म्हणते, तोंडावर म्हणणारा तूच पहिला मर्द भेटला, असं म्हणून त्यांना गहिवरून आलं. निघताना त्यांनी वांग्यांची टोपली दिली. हंसाबाईनं दारातच विचारलं, वैरी आणायला गेलते ना? डोमाजीनं टोपली खाली ठेवली. भरीत मात्र चांगलं झालं.

ही सगळी कथा त्यानं बाजाराच्या दिवशी गुलाबसिंगला सांगितली. गुलाबसिंग जवळच्या बंजारा तांड्यावरचा. आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता, हा आता कापूस आणि तूर पेरायचा. डोमाजीशी त्याची दोस्ती तीस वर्षांची. दर बाजारी ओट्यावर यायचं, डोमाजीच्या हिशेबात चहा प्यायचा आणि डोमाजीलाच नावं ठेवायची, हा त्याचा नेम. डोमाजीला जगात हंसाबाईच्या खालोखाल कोणाचा आधार वाटत असेल तर याचा.

गुलाबसिंगनं ऐकून घेतलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "अबे भैताडा, एवढंच ना? मी होतो तुहा वैरी."

अटी ठरल्या. आईबहिणीवरून शिव्या नाहीत, कारण डोमाजी गिरज्यातला माणूस. अंगाला हात नाही. आणि झाल्यावर चहा. पुढच्या बाजारी गुलाबसिंग ओट्यासमोर फेटा सावरून उभा राहिला आणि सुरू झाला. हा शिंपी नाही, उंदीर आहे, कापड कुरतडते. याचं मशीन याच्यापेक्षा शहाणं, ते निदान पाय मारला तर बोलते. मधून मधून तांड्याच्या गोरबोलीची फोडणी. माणसं गोळा झाली. डोमाजी उठला, हात जोडले आणि म्हणाला, देव तुझं भलं करो. मग दोघांनी चहा घेतला. असे तीन बाजार झाले. तिसऱ्या बाजारी तर लोक तमाशा पाहायला आले आणि कपडे टाकून गेले. तांड्यावर गुलाबसिंगच्या बायकोनं, बिजलीबाईनं, नवऱ्याला विचारलं म्हणे, की बैलांना पाणी पाजायला वेळ नाही आणि शिव्या जुळवत कायले बसता?

फेब्रुवारीच्या शेवटी डोमाजी ऐटीत उभा राहिला. वैरी मिळाला, माया चालू आहे. पाळकसाहेबांनी विचारलं, तो शिव्या देतो तेव्हा मनाला काय वाटते? डोमाजी म्हणाला, लय चांगलं वाटते जी. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. तो वैरी नव्हे, ते म्हणाले, वैरी मनापासून बोलतो.

डोमाजीनं तो निरोप जसाच्या तसा दोस्ताला दिला, की आमचे पाळकसाहेब म्हणतात, शिव्या मनापासून पाहिजे.

गुलाबसिंग त्या दिवशी नेहमीसारखा सुरू झाला नाही. ओट्यासमोर उभा राहिला आणि खरंच मनात शोधायला लागला. लोक वाट पाहत होते. मग तो बोलला, आणि हळूच बोलला.

"तू म्हणतं, मले वैरी नाही. कसा राहीन? सहा वर्षांमागं याच खांबाले माह्या खेमसिंगले बांधलं होतं. धोतरजोडा चोरला म्हणून. तू इथंच बसला होता. तुनं सारं पाह्यलं होतं. आन तू खाली मान घालून मशीन चालवत राह्यला."

बोलून तो स्वतःच घाबरल्यासारखा झाला. फेटा नीट केला आणि चहा न घेता निघून गेला. लोकांना वाटलं, आजचा खेळ काही रंगला नाही.

आता जे झालं होतं ते सांगायलाच पाहिजे, सांगायला लाज वाटली तरी. सहा वर्षांपूर्वी गुलाबसिंगचा धाकटा भाऊ खेमसिंग धोतर घ्यायला नानाजींच्या दुकानात आला होता. गर्दी होती. एक जोडा दिसेना. समोर तांड्यावरचा माणूस उभा, मग चोर शोधायला लांब कशाला जायचं? धरला, थोबाडीत दिली, आणि बाजार उठेपर्यंत ओट्याच्या खांबाला बांधून ठेवला. तो जोडा नानाजींनी स्वतःच दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तक्क्यामागं सारून ठेवला होता. डोमाजीनं सारताना पाहिलं होतं. संध्याकाळी नानाजींना तो सापडला, तेही डोमाजीनं पाहिलं होतं. नानाजी बोलले नाहीत. डोमाजी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी जोडा पुन्हा फळीवर होता. त्या दिवसापासून खेमसिंगनं नेरचा बाजार सोडला. मीठ-मिरचीसाठीसुद्धा तो दारव्ह्याला पायी जायचा.

पण याची लाज डोमाजीला नंतर वाटली. त्या दिवशी डोमाजीला आला राग. असा राग त्याला जन्मात आला नव्हता, त्यामुळं तो कुठं ठेवावा हेही कळेना. घरी येऊन त्यानं पाणी न पिता बोलायला सुरुवात केली. तीस वर्षं चहा पाजला, त्याचे हे पांग फेडले. चारचौघांत इज्जत घेतली. ओटा नानाजींचा, माझी चार पोरं, जोडा तक्क्यामागं पाहिला तरी मी काय करायला पाहिजे होतं? हंसाबाई ज्वारी पाखडत ऐकत होती. म्हणाली, चला, भेटला एकदाचा वैरी. मग तिचं सूप थांबलं.

"पण तुमी पाह्यलं होतं?"

हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, हो.

हंसाबाईनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं. ही बाई झोपेतही बोलणारी, तिचं गप्प बसणं त्या घराला झेपण्यासारखं नव्हतं. डोमाजीनं दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "मंग गुलाबसिंगभाऊ कायचे वैरी? वैरी तं तुमी. सहा वर्षं त्याइनं तुमच्यावर माया केली."

डोमाजीचं मस्तक एकदम रिकामं झालं. खरंच की. सहा वर्षं तो माणूस त्याच खांबाशेजारी बसला, आपल्या हातचा चहा प्याला, आपल्याला हसवून गेला. आणि आपण गावभर वैरी शोधत हिंडत होतो. डोमाजी भिंतीकडं तोंड करून बसला आणि रडला. हंसाबाईनं रडू दिलं.

सकाळी तो तांड्यावर गेला. खेमसिंग अंगणात अंबाडीचा दोर वळत होता. गुलाबसिंग डोमाजीला पाहून गोठ्यात शिरला. डोमाजी खेमसिंगच्या पुढ्यात मातीत बसला आणि म्हणायचं ते सगळं म्हणाला, चुकलं, माफ कर, जोडा कुठं होता ते मला माहीत होतं. खेमसिंगनं दोराचा पीळ सोडला नाही.

"मी चोर नाही हे मले माहीत आहे," तो म्हणाला. "हे नेरले माहीत नाही."

डोमाजीला काय करायचं ते कळलं. त्यानं देवाजवळ खूप घासाघीस केली. दुसरं कोणतंही वचन दे, म्हणाला. उपास करतो, म्हणाला. उमरखेडपर्यंत पायी जाऊन सुवार्ता सांगतो. देवानं काही दाद दिली नाही.

बाजार भरला. भर दुपारी डोमाजी मशीनच्या स्टुलावर चढला आणि बोलायला लागला. कुणाला ऐकू जाईना. जन्मात मोठ्यानं बोलला नव्हता, आवाज येणार कुठून? दोघातिघांना वाटलं, धर्माचं गाणं म्हणून राह्यला. एकानं विचारलं, स्टुलाला ढेकूण झाले काय? इतक्यात समोरच्या दुकानातून पुंडलिकराव गरजले, की चूप बसा सारे, शिंपी काहीतरी वाईट बोलून राह्यला, ऐकू द्या. बाजार चूप झाला.

"खेमसिंगनं धोतर चोरलं नव्हतं," डोमाजी म्हणाला. त्याच्याखाली स्टूल खडखडत होतं. "जोडा तक्क्यामागं होता. संध्याकाळी सापडला. नानाजीले माहीत आहे. मलेबी माहीत होतं. मी भेलो."

मग खाली उतरता येईना, तेव्हा तिथंच उभा राहिला.

नानाजी गादीवरून उठले. चेहरा असा लाल की पाहवेना. त्यांनी खोटं आहे असंही म्हटलं नाही आणि खरं आहे असंही नाही. वीस वर्षं माझ्या ओट्यावर बसून माझीच अब्रू घेतली, एवढं बोलले, आणि दोन हमालांना हाक मारली. मशीन रस्त्यावर आलं. मागून स्टूल, कैची, टेप, चिंध्यांचं गाठोडं. गाठोड्यात नानाजींच्याच पोराच्या साखरपुड्याचे तीन सदरे होते, शिवून झालेले, फक्त काजं राहिलेली. ते डोमाजीबरोबरच बाहेर पडले, रागाच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

डोमाजी रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली मशीनजवळ बसला. गिऱ्हाइकं लांबून पाहत गेली. दोन बाजार हातात काम आलं नाही. आणि त्याला नानाजीचा राग यायला लागला. साधा नाही, रात्रंदिवसाचा. नानाजीचं दुकान जळावं. नानाजीला मूळव्याध व्हावी. दातओठ खात तो असलं मागणं मागायचा आणि मागून झालं की लाजायचा. गुलाबसिंग आला, लिंबाच्या बुडाशी टेकला आणि पहिल्यांदाच काही नावं न ठेवता चहा प्याला. जाताना एवढं म्हणाला, की आता बरोबर वैरी भेटला रे तुले.

तिसऱ्या बाजारी खेमसिंग आला. सहा वर्षांनी. नेरच्या रस्त्यावरून मधोमध चालत, नव्या कापडाचा तुकडा खांद्यावर टाकून. लोकांनी पाहिलं, त्यानंही लोकांकडं पाहिलं. लिंबाखाली येऊन उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, बंडीचं माप घे. डोमाजीनं माप घेतलं. छातीचं माप त्याला तीनदा घ्यावं लागलं, टेपवरचे आकडे दिसेनात. खेमसिंग हात पसरून उभाच होता, घाई नसल्यासारखा.

खेमसिंग गेल्यावर डोमाजीनं गाठोड्यातले ते तीन सदरे काढले. मनात आलं, काजं अशी घालावी की भर साखरपुड्यात गुंड्या उडाव्या. सुई हातात घेऊन तो बराच वेळ तसाच बसला. मग त्यानं काजं घातली. एकेक काज, बारीक, सरळ, डोळे दुखेपर्यंत. प्रत्येक टाक्याला नानाजीला एक शिवी मनात, आणि टाका मात्र जागेवर. संध्याकाळी त्यानं सदरे घडी करून ओट्यावर नेऊन ठेवले. नानाजींनी प्रत्येक काजात बोट घालून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, खोड सापडली नाही. सदरे घेऊन आत गेले. डोमाजी लिंबाखाली परतला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, आपले वचन कसे चालले आहे? गिरज्यातल्या सगळ्या माना डोमाजीकडं वळल्या, कारण झालेलं सगळ्यांना माहीत होतं. डोमाजी उभा राहिला.

"वैरी भेटला जी. माया काही झाली नाही. सकाळी त्याचं नाव आठवलं का दात आवळतेत. त्याचे तीन सदरे होते माह्यापाशी, तेवढी काजं सरळ घातली. दुसरं काही जमलं नाही." आणि खाली बसला.

पाळकसाहेबांनी शास्त्रात खूण घालून ठेवली होती, बोलायचं बरंच असावं. त्यांनी शास्त्र मिटलं आणि म्हणाले, आपण नानाजींकरिता प्रार्थना करू. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी नानाजींचं नाव घेतलं, त्यांच्या घरादाराचं, धंद्याचं, साखरपुडा ठरलेल्या पोराचं भलं मागितलं. मंडळी आमेन म्हणाली. हंसाबाईनं एक डोळा उघडून नवऱ्याकडं पाहिलं. त्याचा जबडा आवळलेला होता, ओठ हलत नव्हते. पाळकसाहेब डोळे मिटून तसेच उभे राहिले. कुणी हललं नाही. मग बऱ्याच उशिरानं डोमाजीचा एकट्याचा आमेन ऐकू आला.